आधी आपल्यावर करून बघा

“या कुसुमताई गायकवाड. आपल्या सामान्य व्यक्ती,” अशी अध्यक्षांनी ओळख करून दिली, तेव्हा ताईंनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि विचारलं, “बरं. आणि आपण?”

आमच्या विद्यापीठात माणसांवर कुठलाही प्रयोग करायचा तर एथिक्स कमिटीची परवानगी लागे. कमिटीत डॉक्टर, वकील, प्राध्यापक असत आणि नियमाप्रमाणे बाहेरची एक सामान्य व्यक्ती. ताई येरवड्याला राहायच्या, तार ऑफिसातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेल्या. मी कमिटीचा सचिव, म्हणजे चहा सांगणारा आणि इतिवृत्त लिहिणारा. अध्यक्ष देशमुखसर मोठे विद्वान. ही गोष्ट कुणापासून लपवावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

ताईंचा एकच हेका, “आधी आपल्यावर करून बघा.” संशोधकाने लिहिलेलं असायचं, ‘किरकोळ अस्वस्थता संभवते.’ “किरकोळ कुणाला?” ताई विचारायच्या. मग काय, बर्फाच्या पाण्यात हात किती वेळ ठेवता येतो या प्रयोगासाठी अख्खी कमिटी बाह्या सरसावून बादल्यांपुढे बसली. वकीलसाहेबांनी ‘सर्व हक्क राखून’ करंगळी बुडवली. थुंकीचे नमुने द्यायच्या दिवशी तर दोन विभागप्रमुख एकमेकांकडे पाठ करून उभे होते. मला ही बाई मनापासून आवडायला लागली होती.

मग रश्मीचा प्रस्ताव आला. त्या वर्षांत हडपसरकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आसपासच्या गावांतली मुलं कॉम्प्युटरचा कोर्स करून नोकरीसाठी तिथे खेपा घालत होती. रश्मीची पीएचडी या मुलांच्या मानसिक ताणावर. त्यांची एक परीक्षा घ्यायची, ‘तुम्ही साफ नापास झालात, हे काम तुमच्या आवाक्यातलं नाही’ असं खोटंच सांगायचं, रक्तदाब मोजायचा आणि अर्ध्या तासाने खरं सांगून चहा पाजायचा.

“आधी आपल्यावर,” ताई म्हणाल्या.

“अहो, पण निकाल खोटा आहे हे आपल्याला माहीत आहे ना!” सर हसले.

“मग तर भ्यायचं कारणच नाही.”

आम्ही परीक्षा दिली. रश्मीने प्रस्तावात लिहिलेल्या शब्दांतच आम्हा सगळ्यांना नापास केलं. वकीलसाहेबांनी फेरतपासणी मागितली. सरांचा चेहरा उतरला आणि रक्तदाब इतका चढला की डॉक्टरांनी त्यांना पंख्याखाली बसवलं. अर्ध्या तासाने रश्मी ठरल्याप्रमाणे म्हणाली, “सर, निकाल खोटा होता.”

“ते मला माहीत आहे. माझे खरे मार्क किती?”

“खरे मार्क आपण काढतच नाही, सर.”

“काढत नाही म्हणजे?”

चहा आला. सरांनी घेतला नाही.

परवानगी नाकारायची तर कारण लिहायला हवं होतं, आणि कारण समोर पंख्याखाली बसलेलं होतं. “मला काहीही झालेलं नाही. मंजूर करून टाका,” सर म्हणाले. बाकीचे टेबलाकडे बघत राहिले. एका माणसाची अब्रू राहावी म्हणून त्या पोरांना नापास ठरवलं जाणार होतं. मला सरांचा भयंकर राग आला.

ताई शांतपणे बोलायला लागल्या. “आमच्याकडे एकदा तार चुकीच्या घरी गेली. गल्लीत एकाच नावाच्या दोघी, दोघींचेही नवरे फौजेत. कळल्याबरोबर मी धावत गेले, अर्धा तासही झाला नसेल. हिचा नवरा जिवंत होता. पण बांगड्या फोडून झाल्या होत्या. पुढे तो रजेवर आला, तर त्याला दारात बघून ती किंचाळली.”

ताई माझ्याकडे वळल्या.

“लिहा सचिवसाहेब,” ताई म्हणाल्या. “कुसुम गायकवाड यांना निकाल ऐकून रडू कोसळलं, सबब ही अस्वस्थता किरकोळ नाही.”

ताईंचा रक्तदाब तसूभरही हलला नव्हता. पण मी लिहिलं. खोटं सांगायचा प्रयोग एथिक्स कमिटीने खोटं लिहून थांबवला, आणि सरांनी खाली सही केली. रश्मी चिडली होती. पुढे मात्र तिने त्या मुलांशी सरळ बोलून, त्यांचं ऐकून घेऊन आपलं काम पुरं केलं.

काही वर्षांनी ताई गेल्या. त्यांच्या घरी बुद्धवंदना झाली, तिथून बाहेर येऊन मी सरांना फोन केला. तेही आता निवृत्त होऊन कर्वेनगरला घरीच असायचे. बातमी ऐकून ते म्हणाले, “त्या परीक्षेत त्यांना किती पडले होते हो?”

“कुणालाच काही पडले नव्हते, सर.”

“हं. त्या रडल्या नव्हत्या,” सर म्हणाले. “मी शेजारीच बसलो होतो.”