उपासाची गोळी

भाताच्या कापणीत आमच्या ह्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. उजवा हात लुळा पडला, मग हळूहळू थोडा वळायला लागला. डॉक्टरांनी बजावलं, बीपीची गोळी एक दिवससुद्धा चुकली तर दुसरा झटका यायला वेळ लागणार नाही. पण ह्यांचे उपास! सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. "उपासाला गोळी चालत न्हाई," म्हणत डबी बाजूला सारायचे. ताटभर साबुदाणा चालायचा, शेंगदाण्याचे लाडू चालायचे, मसुराएवढी गोळी तेवढी चालायची नाही. मी भांडले, रडले. माझा जीव टांगणीला, आणि हे निवांत.

लेक पुण्यात नोकरीला. दिवाळीला गावी, विंझरला आली ती स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊनच. इंटरनेट उघडलं की पहिलं पान ह्यांच्यासाठीच मांडलेलं: वेल्ह्याचं हवामान, पुण्याच्या बाजारातला घेवड्याचा भाव, बातम्या, आजची तिथी. तिथीखाली एक पिवळी चौकट होती. पुण्यात बसून लेक तिच्यात जे लिहील ते इथं दिसणार, इथं लिहिलेलं तिला तिकडं, हे तिनं फक्त मला सांगून ठेवलं.

चहा उकळेपर्यंत हे मोठ्यानं सगळं पान वाचायचे. पाऊस सांगितला तसा आला, तेव्हापासून त्या पानावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. मग एकादशी आली. चौकटीत लिहून आलं, 'आज एकादशी. औषधाने उपास मोडत नाही.' ह्यांनी ते परत एकदा वाचलं.

"पंचांगातच दिलंय की गं," म्हणाले आणि मुकाट्यानं गोळी घेतली.

मी चुलीकडं तोंड करून हसू दाबलं, आणि डोळेही पुसले. पोरीला तोंडभरून आशीर्वाद दिले.

पुढं एकाही उपासाला तिनं लिहायचं चुकवलं नाही. शेजारच्या भाऊंनी आपल्या मोबाईलच्या पंचांगात शोधलं, त्यांना काही सापडेना. हे ऐटीत म्हणाले, "तुमचं जुनं असंल."

परवाच्या सोमवारी धार काढून आत आले, तर हे लॅपटॉपवर वाकलेले. उजव्या हाताच्या एका बोटानं अक्षरं हुडकत होते. मी मागं उभी राहून वाचलं. लेकीच्या ओळीखाली ह्यांनी लिहिलं होतं, 'घेतली ग पोरी. तू लिवतीस म्हून घेतो. तुज्या आईला शुगरच्या गोळीचं पण इचारत जा. कामाच्या नादात ती इसरती.'

म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं! आणि इतके दिवस पंचांगाचं नाव सांगत होते.

"अवो, कधी कळलं तुमाला?" मी विचारलं.

"पंचांग कुठं बाबा म्हनतं का? त्या दिवाळीनंतर एकदा तिनं लिवलं, 'बाबा, आज गुरुवार.'"

मी फळीवरची माझी गोळ्यांची डबी काढली. ह्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला, उजव्या हातानं.