लोकरीच्या लडी आणि नाइकाची फीत

महाडच्या पोलीस लायनीत आमची खोली अगदी टोकाची. तिच्या ओट्यावरून परेडचं मैदान सगळं दिसायचं, म्हणून ती अंधारी खोली मला फार आवडायची. मी आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. माहेरी गुरं, नाचणी आणि चहूकडे डोंगर. लग्न होऊन इथं आले आणि पहिल्या सकाळी बिगूल ऐकला, तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. रोज ऐकूनही तो काटा यायचा काही थांबला नाही.

माझे यजमान हत्यारबंद पोलिसांत शिपाई होते. गाव पोलादपुराकडचं कापडे. घरची भातशेती थोरले दीर बघायचे, आणि हे बंदूक घेऊन महाडात. नेमबाजीत ह्यांचा हात कुणी धरत नसे. निशाणाचा कागद पांढरा, मधला गोल काळा, आणि ह्यांच्या गोळ्या त्या गोलातच जायच्या. मी मनातल्या मनात मोजायची आणि फुगायची.

एका दुपारी परेड सुटली आणि हे मैदानातून चक्क धावत आले. परेड सुटल्यावर कुणी धावत नाही, सगळे पाय ओढत येतात. मी हातातलं सूप तसंच टाकून ओट्यावर उभी राहिले.

"गो, माझं नाव लागलं! नाइकासाठी!"

मला नाईक म्हणजे काय ते नीटसं ठाऊकही नव्हतं. बाहीवर फीत येते, एवढं माहीत. पण ह्यांचा चेहरा असा फुलला होता की मलाच नाचावंसं वाटलं. शेजारच्या खोलीत कवायत शिकवणारे उस्ताद राहायचे. गुडघे धरलेले, पेन्शनीला आलेले, पण आवाज असा की मैदानाच्या पलीकडची गुरं दचकावीत. ते चहाला येऊन बसले आणि साहेब दौऱ्यावर येईल तेव्हा काय काय बघेल ते सांगू लागले. नेमबाजी, कवायत, लिहिणं-वाचणं, आणि डॉक्टरची तपासणी.

"आनि ह्या खेपेला डाक्टर रंगबी बघनार हाय," उस्ताद म्हणाले. "लाल, हिरवा. चांदमारीवर लाल झेंडा वर हाय म्हंजे निशानापाशी मानसं हायत, गोळी बंद. नाइकाला झेंडा वळखाया नको?"

"रंग काय, पोरंबी वळखतात," हे हसून म्हणाले.

त्याच संध्याकाळी आमचं हसू मावळलं. सासूबाईंनी कापड्याहून परसातल्या मिरच्यांची टोपली पाठवली होती, पिकलेल्या आणि हिरव्या एकत्र. लाल तेवढ्या वाळत घालायच्या होत्या. मी चुलीशी होते, म्हणून ह्यांना म्हटलं, "अवो, तेवढ्या लाल निवडता काय?" हे निवडायला बसले. थोड्या वेळानं बघते तर हे एकेक मिरची बोटानं दाबून, देठ वाकवून बघताहेत.

"दाबताय कशाला? बघून काढा की."

"बघूनच काढतोय."

ह्यांनी बाजूला काढलेल्या ढिगात निम्म्या हिरव्या होत्या. मला वाटलं चेष्टा करताहेत. मी दोन टणक मिरच्या उचलल्या, एक लालभडक, एक हिरवीगार, आणि ह्यांच्यासमोर धरल्या. "ह्यातली लाल कोनती?"

हे कितीतरी वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तू सांग."

मी चुलीपुढून उठून ह्यांच्याजवळ येऊन बसले. हे म्हणाले, "मला वाटायचं समद्यांना असंच दिसतं. बाकीच्यांच्या ध्यानात ऱ्हातं कुठला लाल नि कुठला हिरवा, नि माझ्या ऱ्हात नाय. शाळेत मास्तर म्हनायचे, तुझं लक्ष नाय. मी म्हनायचो, नसंल."

खरं सांगते, मला वाईट वाटायच्या आधी नवलच वाटलं. मी विचारत सुटले. पांगारा फुलतो तो दिसतो का? दिसतो, त्याला तेव्हा पानं नसतात म्हणून. आणि जास्वंद? जवळ गेल्यावर फुलाचा आकार दिसतो. माझं लग्नातलं लुगडं? "काळपट," हे म्हणाले. हिरव्यागार लुगड्याला काळपट! मला हसू आवरेना, आणि मग हेही हसायला लागले. किती दिवसांनी हे असे पोट धरून हसले असतील, देव जाणे.

"फीत जानार आता," हसणं ओसरल्यावर हे म्हणाले.

"जाते कशी! मी शिकवते तुमाला."

माझ्या अंगात जणू वारं शिरलं. बाजारातल्या शिंप्याकडून मी चिंध्या मागून आणल्या, कासाराकडच्या फुटक्या बांगड्या आणल्या. दुपारी दार लोटून आमची शाळा भरायची. मी चिंधी धरायची, हे डोळे बारीक करून बघायचे. "मळकट पन जड दिसतो तो लाल. जरा पिवळट झाक मारतो तो हिरवा." असे ह्यांनी आपलेच नियम बांधले. चुकले की मी बांगडीचा तुकडा आपटायची, बरोबर आलं की गुळाचा खडा द्यायची. साहेब यायच्या सुमारास माझी एकूण एक चिंधी ह्यांना ओळखू यायला लागली. मी लायनीतून अशी चालायची, जशी काय मीच नाईक होणार होते.

साहेब आला तो मोटारीतून, धुरळा उडवीत. गोरा, उंच, मराठी मोडकंतोडकं बोलणारा. बरोबर पुण्याकडचे एक डॉक्टर. पहिल्याच सकाळी नेमबाजी झाली, आणि ह्यांनी साहेबाला टोपी मागं सारून बघायला लावलं. कवायतही झाली. मग डॉक्टरांचं टेबल आमच्या ओट्यासमोरच्या आंब्याखाली मांडलं. लायनीतल्या आम्ही बायका दारांआडून बघत होतो.

डॉक्टरांनी एक पिशवी उघडली आणि टेबलावर लोकरीच्या लडींचा ढीग ओतला. केवढे रंग! गुलाबी, राखी, पोपटी, तपकिरी, जांभळे. आयुष्यात मी तेवढे रंग एका जागी पाहिले नव्हते. माझ्या चिंध्या त्यापुढं काहीच नाहीत, हे मला बघताक्षणी कळलं.

माझी भिस्त होती ती नावांवर. डॉक्टर विचारतील, हा कुठला? हे सांगतील, लाल. पण डॉक्टरांनी एकाही रंगाचं नाव विचारलं नाही. एक फिकट हिरवी लड हातात दिली आणि म्हणाले, "ह्याच्यासारख्या सगळ्या निवडून बाजूला काढ. बोलायचं काही नाही."

हे निवडू लागले. एक हिरवी. एक राखी. मग एक फिकट गुलाबी त्या हिरव्याशेजारी अगदी जपून ठेवली. मी दाराची कडी घट्ट धरली. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अवो, ती नको, ती नको! डॉक्टर शांतपणे बघत होते. दुसरी लड दिली, तिचंही तेच झालं. मग त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बस."

पुढं काय बोलणं झालं ते ह्यांनी मला नंतर सांगितलं, आणि एवढ्या वेळा सांगितलं की मला ते तोंडपाठ आहे.

डॉक्टर म्हणाले, "ह्याला रंगांधळेपणा म्हणतात. जन्मापासून असतो. तुझी चूक नाही, तुझं लक्षही कमी नाही. तुझे डोळेच तसे आहेत."

"ह्याला नाव हाय?" ह्यांनी विचारलं.

"आहे तर. असे पुष्कळ असतात."

हे सांगायचे, तेवढ्या घटकेला फीत गेल्याचं मी विसरलोच. पुष्कळ असतात! म्हणजे मी एकटा नाही!

पण साहेबाचा निकाल पक्का होता. "नाईक नाय होणार. झेंडा दिसत नाय तर माणूस मरेल." साहेब वाईट वाटून बोलला, रागानं नाही. दुसरा कोणी असता तर सलाम ठोकून मागं फिरला असता. ह्यांनी सलाम ठोकला, पण जागचे हलले नाहीत.

"साहेब, बोलू?"

"बोलो."

"तुमचं बरोबर हाय. झेंड्यावर मला ठेवू नका. माझ्यापायी मानूस मेला तर ती फीत मला नको. पन उस्तादांची जागा रिकामी व्हनार. रंगरुटांना कवायत शिकवायला लाल-हिरवं कशाला लागतं?"

साहेबानं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर जरा विचार करून म्हणाले, "त्याला माझी हरकत नाही. चांदमारीची आणि लाल-हिरव्या दिव्यांची कामं मात्र कधी देऊ नका."

साहेब मैदानाच्या कडेला बसलेल्या नव्या रंगरुटांकडं बघून हसला. ती डोंगरातली पोरं नुकतीच भरती झाली होती. लेफ्ट म्हटलं की निम्मी इकडं वळायची, निम्मी तिकडं, आणि एकमेकांवर आदळायची. उस्तादांनीही त्यांच्यापुढं हात टेकले होते. "उद्या शामको," साहेब म्हणाला, "ये लोग सीधा चलेगा तो देखेंगे."

हे घरी आले ते घाम पुशीत. "गो, भाकरी बांधून दे. मैदानातच खातो." मला वाटलं होतं रडतील. ह्यांचे डोळे तर लकाकत होते!

मी ओट्यावरून सगळं पाहिलं. आधी ह्यांनी पोरांना खाली बसवलं आणि विचारलं, "नांगर कुनीकुनी धरलाय रे?" सगळ्यांचे हात वर. "रुमनं कुठल्या हातात धरता? काठी कुठल्या हातात?" नांगराचा दांडा, म्हणजे रुमणं, डाव्या हातात आणि बैल हाकायची काठी उजव्या हातात. पोरांचे हात आपोआप तसे वर आले, एक सोडून सगळे बरोबर. मग काय! "रुमन्याचा पाय! काठीचा पाय! रुमन्याकडं वळ! काठीकडं वळ!" मैदानात असा काही गजर झाला की बाजाराकडं निघालेली माणसं कुंपणाशी थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रुमण्याचं लेफ्ट आणि काठीचं राइट झालेलं होतं. एकच उंचेला पोरगा घोटाळत होता. तो डावखुरा निघाला. त्याला ह्यांनी ओळीत शेवटी घातलं आणि म्हणाले, "तू फकस्त म्होरल्याची पाठ बघ."

संध्याकाळी साहेब आला. मी आणि उस्तादांची बायको एकमेकींचा हात धरून उभ्या होतो. ह्यांनी हुकूम दिला, आणि ती ओळ चालायला लागली. धाड, धाड, धाड. एक पाऊल मागंपुढं नाही. वळण आलं. ओळ वळली, सरळ वळली! उंचेला पोरगाही वळला! उस्ताद गुडघे विसरून उठून उभे राहिले आणि ओरडले, "शाब्बास रे माझ्या वाघा!" साहेब मोठ्यानं हसला आणि त्यानं ह्यांच्याशी हात मिळवला. लायनीतल्या बायकांनी एकदम गलका केला. त्यात माझा आवाज सगळ्यांत वर होता, असं उस्तादांची बायको पुढं कितीतरी वर्षं सांगायची.

उस्ताद पेन्शनीवर गेले आणि फीत आली. ती मी स्वतः बाहीवर शिवली. फीत पांढरी होती, ती आम्हा दोघांना सारखीच दिसली. पुढं हवालदारकीच्या वेळी मात्र डॉक्टरांचा शेरा आडवा आला, आणि तिथं दुसरी वाट निघाली नाही. हे नाईक म्हणूनच पेन्शनीला आले. त्याचं ह्यांना थोडं लागलं, नाही असं नाही. पण ती गोष्ट पुष्कळ नंतरची.

फीत लागल्यावर आम्ही रजा घेऊन कापड्याला गेलो. सासूबाईंनी नारळ ओवाळून टाकला. मग ओटीवर बसून ह्यांनी डोळ्यांची सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता सासूबाईंचा चेहरा बदलला.

"काय म्हनतात रे त्याला? परत सांग."

"रंगांधळेपना."

"माझ्या भावाला तेच हाय," त्या म्हणाल्या. "कोकमाचे रातांबे काढाया झाडावर चढवला की समदे हिरवे काढून आनायचा. बाबांनी किती मारलंय त्याला! समदे त्याला येडा म्हनायचे. मीबी म्हनायची."

सासूबाईंचा हा भाऊ, म्हणजे ह्यांचे मामा, तुडीलला राहायचे. चार दिवसांनी आम्ही परत निघालो तेव्हा सासूबाई डोक्यावर पदर घेऊन आमच्याबरोबर निघाल्याच. थेट तुडीलला जायचं, म्हणाल्या. सावित्रीच्या काठी मामांचं घर होतं. मामा अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते, केस पांढरे झालेले. आम्ही खाली बसायच्या आधीच ह्यांनी सुरुवात केली. "मामा, लाल रातांबा नि हिरवा रातांबा, तुमाला सारखाच दिसतो ना?"

मामा चपापले. एवढ्या वर्षांत कुणी असं सरळ विचारलं नसेल. "तुला कुनी सांगितलं?"

"मलाबी तसाच दिसतो. डाक्टर म्हनतो ते जन्माचंच असतं. त्याला नाव हाय, मामा! पुष्कळ जनांना असतं!"

मामांनी जाळं खाली ठेवलं. बहिणीकडं पाहिलं, मग भाच्याकडं. "म्हंजे मी येडा नव्हतो?"

"नव्हतास रे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी भावाचा हात धरला.

मामा उठले, आत गेले, आणि आतून मामींना हाका मारू लागले, "अगो ए, भाईर ये! भाईर ये आधी! भाचा काय सांगतोय ते आईक!"