प्लॅनवरच्या बाई

प्लॅनवरच्या बाई मला पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत. कारण साधं होतं. त्या माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. तिकीटखिडकीच्या काचेला खाली हात आत जाईल एवढी फट होती. बाईंची नजर त्या फटीवर असे आणि आत येणाऱ्या हातावरून त्या माणूस जोखत. बोटांवर उसाच्या पाचटाच्या रेघा दिसल्या की विचारत, "मुक्कामाला हाय, का परत जायचंय? जायचं आसंल तर दाराजवळची खुर्ची देते, शेवटची यष्टी घावंल." नखात खडू दिसला की, "मास्तर, मागची रांग घ्या. पुढं मान दुखती." मी त्यांचा मालक, पण माझ्याशी बोलतानाही त्या माझ्या हाताकडेच बघत. ही बाई मला चोर समजते, असं मला सारखं वाटे आणि मी मनातल्या मनात धुमसत राही.

मी तेव्हा संगमनेरात नाटकं आणत असे. मुंबई-पुण्याच्या मंडळींकडून प्रयोग ठरवायचा, नाट्यगृह भाड्याने घ्यायचं, रिक्षाला भोंगा लावून गावभर पुकारा करायचा आणि चार दिवस आधी प्लॅन उघडायचा. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा. विकलेल्या खुर्चीवर निळ्या पेन्सिलीने फुली मारायची, की झालं काम. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत घरोघरी टीव्हीवर नवी नवी चॅनेलं येत होती, तरी चांगल्या नाटकाची रांग रस्त्यापर्यंत जायची. बाई त्याआधी एका शाळेच्या ग्रंथालयात होत्या. बारा वर्षं हंगामी ठेवून शाळेने त्यांना घरी बसवलं होतं. मला त्या स्वस्तात मिळाल्या म्हणून मी घेतल्या. हे लपवण्यात अर्थ नाही.

नाटकवाल्यांची खिडकी ही भांडणाची जागा असते, हे ज्यांनी तो धंदा केला त्यांना सांगायला नको. तिकिटाच्या पाठीवर आम्ही छापत असू, 'एकदा विकलेले तिकीट परत घेतले जाणार नाही.' तरी प्रयोगाच्या दिवशी निम्मी रांग तिकीट घेणाऱ्यांची आणि निम्मी परत करणाऱ्यांची. कुणाच्या घरी पाहुणे टपकलेले, कुणाची कारखान्यात शिफ्ट बदललेली, कुणाचं पोर तापाने फणफणलेलं. परत करणारा ऐकत नसे, घेणारा खोळंबत असे. एकदा अशा ढकलाढकलीत काच फुटली आणि बाईंच्या मनगटाला चांगली लागली. त्यांनी रुमाल गुंडाळला आणि पुढच्या हाताला विचारलं, "किती?" मला काचेचा खर्च पडला, म्हणून मी त्यांनाच बोललो. माणसांशी गोड बोलायला काय होतं तुम्हाला, असं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रबरी शिक्का करून घेऊन आल्या. गोल शिक्क्यात एकच शब्द होता, 'परत'.

"हे काय?" मी विचारलं.

"ज्याला भरवसा न्हाई की येनं हुईल का न्हाई, त्यानं तिकिटामागं दोन रुपयं जास्त द्यायचं. मी पाठीवर शिक्का मारते. पहिल्या घंटेच्या आत त्यानं तिकीट परत आनलं तर पैसे परत. शिक्का नसंल तर न्हाई. दोन रुपयाचा डबा निराळा."

"म्हणजे मी आता खुर्च्या विकायच्या का विमा काढायचा?"

"आप्पा, आलेली खुर्ची मी रांगेतल्या दुसऱ्याला इकीन. तुमचं काय जातं?"

माझं काहीच जात नव्हतं. म्हणूनच मला राग आला. वीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला सुचलं नाही ते ग्रंथालयातून हाकललेल्या बाईला सुचावं, हे मला सोसवलं नाही. दोन रुपयांसाठी ठेवलेल्या बिस्किटाच्या डब्यातलं फारसं काही बाहेर जात नाही, हे महिनाभरात माझ्या लक्षात आलं. परत आलेली खुर्ची पाच मिनिटांत विकली जाई. बाहेर फाटकाशी चढ्या भावाने तिकिटं विकणारे दोघे-तिघे होते, ते कंटाळून दिसेनासे झाले. चार दिवस आधी तिकीट काढायला घाबरणारी खेड्यातली माणसं शिक्का आहे म्हणून बिनघोर काढू लागली. खिडकीवरची आरडाओरड थांबली आणि रांग निम्म्या वेळात सरकू लागली. मी बाईंना एकदाही शाबास म्हटलं नाही.

बाई परतीचं कारण विचारत, पण पुरावा मागत नसत. "कारन सांगा. खरं-खोटं तुमच्यापाशी ठेवा," असं म्हणत. एका गृहस्थाने कारणापुरती सासू एकाच हंगामात दोनदा मारली. दुसऱ्या वेळी बाई पैसे सरकवत म्हणाल्या, "मामींना जरा सांभाळा आता." तो पुन्हा खिडकीवर आला तो सासूला घेऊनच, आणि तीन तिकिटं बिनशिक्क्याची काढून गेला. एका घरी नाटकाच्या दिवशीच म्हातारे वारले. सुतकातली माणसं घराबाहेर पडेनात, आणि शेजारी त्यांची शिक्क्याची तिकिटं घेऊन आला तेव्हा पहिली घंटा होऊन गेली होती. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. बाई म्हणाल्या, "मानूस गेलंय त्यांच्यात. घंटा आयकायला कोन बसलंय?" आणि त्यांनी माझ्या देखत डबा उघडला. त्या दिवशी आमचं कडाक्याचं वाजलं.

उलट बाजूनेही त्या तितक्याच अडेल होत्या. एका मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक चार बिनशिक्क्याची तिकिटं घेऊन आले. बाईंनी नकार दिला. गृहस्थ तडक माझ्याकडे. मी खिडकीत तोंड घालून म्हटलं, "द्या हो त्यांना, मोठे गृहस्थ आहेत." बाईंनी त्यांच्या हाताकडे बघितलं. "दोन-दोन रुपयं वाचवलं न्हवं तुमी? ते खिशात ऱ्हाऊ द्या. ह्यांना दिलं आप्पा, तर शिक्केवाल्यांनी काय येडेपनानं दिलं व्हय?" मुख्याध्यापक पाय आपटत गेले. आठवडाभर मी बाईंशी कामापुरतं बोललो.

मग तो रविवार आला. साडेचारचा प्रयोग, प्लॅनवर एकही खुर्ची कोरी नाही. दुपारी सेटचा ट्रक पोचला, पण नटमंडळींची बस कसाऱ्याच्या घाटात अडकली. पुढे कुठेतरी दुसराच एक ट्रक उलटला होता. पाच झाले, साडेपाच झाले. सहाला एसटीडी बूथवरच्या माणसाने निरोप आणला की मंडळी परत फिरली, प्रयोग होणार नाही. आतली माणसं एव्हाना खुर्च्या आपटत होती.

आता माझं सांगतो. आदल्या दिवशी मी जमलेल्या पैशातले बरेच पुढच्या नाटकाचा विसार म्हणून पाठवून मोकळा झालो होतो. प्रयोगाआधी तिकिटाच्या पैशाला हात लावायचा नसतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी पायऱ्यांवर उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, "शिक्का असेल त्याला पैसे मिळतील. बाकीच्यांनी पुढच्या प्रयोगाला याच तिकिटावर यावं." एकच गिल्ला झाला. फलक खाली आला, कुणीतरी माझी कॉलर धरली. "पैसं टाक आमचं! कुटं हायेत पैसं?" असं चारी बाजूंनी येऊ लागलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "पैसे बाईंकडे आहेत! बाई डबा घेऊन वस्तीवर निघून गेल्या!"

गर्दी क्षणात माझ्यावरून हटली. इतकी पटकन हटली की मी स्वतःच थक्क झालो. कुणी विचारलं नाही, तुम्ही बघितलं का, कधी गेल्या. बाईंची वस्ती म्हणजे गावाच्या कडेची बौद्धवस्ती, आणि तिथली बाई पैसे घेऊन पळाली म्हटलं की गावाला चटकन पटणार, हे मला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या कुणाचं नाव मला सुचलं नाही. पंधरा-वीस जण "चला रे, बगू तिला" म्हणत फाटकाबाहेर पडले. बरेच जण 'पुढच्या प्रयोगाला बघू' म्हणत वैतागून घरी गेले.

तेवढ्यात खिडकीची फळी वर गेली.

"मी हितंच हाय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण पुढे उभे असलेल्यांनी तो मागे पोचवला. "रांग लावा. बिनशिक्क्याचे पुढं या. शिक्केवाले मागं थांबा, तुमचं कुटं जात न्हाई."

मी धावत आत गेलो. "बाई, काय करताय? शिक्का नाही त्यांना?"

"आप्पा, ते आले न्हाईत तर शिक्का लागतो. आपुन आलो न्हाई तर कशाचा शिक्का?" असं म्हणून त्या पुढच्या हाताकडे वळल्या.

कॉलर धरणारा माणूस मुकाट रांगेत उभा राहिला. फाटकाबाहेर गेलेल्यांना कुणीतरी हाका मारून परत आणलं, ते खाली माना घालून रांगेत मागे उभे राहिले. गल्ल्याच्या पेटीतले पैसे संपले, मग डब्यातले संपले, तरी शिक्केवाले चाळीसेक जण उरले. बाई त्यांना म्हणाल्या, "उद्या सकाळी आठला या. आप्पा सोता देतील." त्यांच्यातला प्रत्येक जण कुरकुर न करता घरी गेला. शिक्क्यावर त्यांचा भरवसा होता आणि तो माझ्यामुळे नव्हता. मी सकाळी मेहुण्याकडून पैसे आणून खिडकीवर बसलो.

पण त्या संध्याकाळी शेवटचा माणूस गेल्यावर बाईंनी फळी खाली ओढली, किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मी वस्तीवर गेल्ते म्हनं."

"गर्दी अंगावर आली होती, बाई. गेलं तोंडातून."

"तोंडातून न्हाई गेलं, आप्पा. तुमी निवडून काढलं."

त्या गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही, उलट उद्धट बाई गेली म्हणून बरं वाटतंय अशी स्वतःची समजूत घातली. पुढचे दोन प्रयोग मी स्वतः प्लॅनवर बसलो. शिक्का मारत होतो, पण लोक दोन रुपये द्यायला तयार होईनात. "बाई कुटायत?" हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. तिसऱ्या प्रयोगाआधी मी त्यांच्या घरी गेलो. खोली नेटकी होती, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची फळी. पगार वाढवतो, असं मी दारातूनच सांगितलं. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, आणि मी तेवढ्याच लायकीचा होतो.

"पगार ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्या रोजी निम्मी मानसं माझी खिडकी उघडायच्या आधीच घरी गेली. ती आज बी म्हनत्यात, ती पळालेली बाई. माझ्या पोरीला बाजारात आयकावं लागतं. तुमी रांगंपुढं उभं ऱ्हा आन सांगा की खोटं बोल्लो. मग मी येते."

"रांगेपुढं कसं सांगू, बाई? धंदा आहे माझा. तुमच्यापुढं सांगतो ना, चुकलं माझं."

"मी तितंच हुते, आप्पा. मला म्हाईतच हाय. मला सांगून काय उपेग?"

मी परत आलो. दोन वर्षांत धंदाही आवरला. बाई लग्न होऊन गेलेल्या लेकीकडे श्रीगोंद्याला गेल्या, आणि तिथेच वारल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. मी भेटायला गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार होतो? मात्र रडू आलं, आणि तेही रागानेच आलं, कारण ही बाई शेवटपर्यंत माझ्यापेक्षा बरोबर राहिली.

परवा बाजारपेठेत एक जुने प्रेक्षक भेटले. नाटकांच्या गोष्टी निघाल्या. हसत म्हणाले, "आन ती तुमची खिडकीवरची बाई वो, पैसे घेऊन पळाली हुती ती?" मी भाजीची पिशवी उचलून चालू लागलो. घरी येऊन हे लिहायला बसलो. त्या रविवारी जे फाटकातून लवकर घरी गेले, त्यांच्यासाठी लिहितो आहे. बाई कुठेही गेल्या नव्हत्या. त्या आत बसून तुमचेच पैसे मोजत होत्या. खोटं मी बोललो.