इस्मत पिस्तूल बघायला जाते

इस्मत मूळची श्रीवर्धनकडची. बाप होड्यांचा सुतार, आई सुपारी सोलणारी, आणि लग्न झालं ते सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत क्रेन चालवणाऱ्या गफूरशी. लग्नानंतर नवऱ्यामागे विमानात बसली ती तांबड्या समुद्राच्या काठी उतरली, आणि पुढची वीसेक वर्षं तिथेच राहिली. गावाहून येताना तिनं कोकम आणलं, सुकट आणली, आणि एक गोष्ट न बांधताच आली. ती म्हणजे तिचं हसू. इस्मतला हसू आलं की ते थांबत नसे. मयताच्या घरी गेली तरी गफूर तिला दाराजवळ बसवायचा, म्हणजे वेळ आली तर पटकन बाहेर जाता येईल.

ती ज्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायची, ते घर उम बंदरचं. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मुलगा बंदर, म्हणून ही बंदरची आई, उम बंदर. इस्मतनं हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला आधी गावचा धक्का आठवला, मग हिंदीतलं माकड आठवलं, आणि ती अंगणातच खाली बसली. उम बंदरनं कारण विचारलं. इस्मतनं मोडक्या अरबीत सांगितलं. उम बंदर मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, चेहरा दगडाचा. ती म्हणाली, "तू माझ्या मुलाला पाहिलेलं नाहीस. पाहिलंस की दुसरा अर्थ खरा वाटेल." तेव्हापासून दोघींचं जमलं.

पुढे उम बंदरचा नवरा वारला, ती निवृत्त झाली, मुलं जेद्दाला गेली. घर मोठं आणि माणूस एक. त्यात त्या वर्षी गल्लीत चोऱ्या सुरू झाल्या. चोर सोनंनाणं बघत नसत; गच्चीवर चढून एसीच्या तांब्याच्या नळ्या कापून न्यायचे. शेजारच्या घरी ऐन उन्हाळ्यात तसं झालं, आणि ती माणसं आठवडाभर पाहुण्यांसारखी नातेवाइकांकडे राहिली. बंदर रोज फोन करू लागला, "आई, जेद्दाला ये."

"मी येणार नाही," उम बंदर म्हणाली. "मी पिस्तूल घेणार आहे."

इस्मत तिथेच भाजी निवडत होती. तिनं ओढणीचा बोळा तोंडात धरला.

परदेशी माणसाला तिथे पिस्तुलाचं नावही घेता येत नाही, पण उम बंदर तिथलीच. तिनं शाळा चालवली होती. अर्ज, शिक्के, साहेब यांना ती भीत नसे. परवान्याचे सोपस्कार तिनं धीरानं पुरे केले आणि एका सकाळी इस्मतच्या दारात येऊन म्हणाली, "यल्ला, चल, बुरखा चढव. जेद्दाला जायचंय. पसंती करायला दोन बायका लागतात."

गफूर ड्यूटीवरून येऊन चहा पीत होता. "काय गो, कुठं चाललीस?"

"पिस्तूल बघायला."

त्यानं कप खाली ठेवलान. "आपण इकाम्यावर, राहायच्या परवान्यावर आहोत, इस्मत. कशाला हात लावू नको. लांबून बघ."

"पोरगी बघायला गेल्यावर कोण हात लावतं?" इस्मत म्हणाली आणि निघाली.

उम बंदर साठीत गाडी शिकली होती. ती वर्गावर जायची तशी गाडी चालवायची: सरळ, मधोमध, आणि समोरच्यानं वाट द्यावी या विश्वासानं. इस्मतनं सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. एका बाजूला वाळू, एका बाजूला समुद्र. तिला वाटलं आपण शाळेच्या सहलीला निघालोय. तशी सहल तिच्या वाट्याला कधी आली नव्हती. सातवीतून शाळा सुटली, मग घर, मग लग्न, मग दुसऱ्याचा देश. मजा म्हणून ती कुठे गेली असेल तर माहेरच्या लग्नांना.

दुकानात थंडगार हवा आणि काचेखाली ओळीनं पिस्तुलं. दुकानदार तरुण, दाढी कोरलेली. दोन बायका बघून त्यानं न विचारता एक इवलंसं पिस्तूल मखमलीवर ठेवलं. मूठ गुलाबी.

"हे कोणासाठी?" उम बंदरनं विचारलं.

"बायकांसाठी, खाला. हलकं आहे. पर्समध्ये मावतं."

"मला पर्सचं रक्षण करायचं नाही, घराचं करायचंय."

इस्मत पाठ फिरवून भिंतीवरचं हरणाचं मुंडकं बघू लागली. तिचे खांदे हलत होते.

दुकानदारानं मग दुसरं टोक गाठलं. काळं, जाडजूड, हातोड्याएवढं. उम बंदरनं ते उचललं. तिचं बोट ट्रिगरपर्यंत पोचेना. मग एक रिव्हॉल्वर आलं. तिनं रिकामं आहे ना हे दोनदा विचारून, नळी भिंतीकडे धरून चाप ओढला. चाप इतका कडक की ओढता ओढता नळी भिंतीवरून छतापर्यंत गेली.

"हे मी ओढेपर्यंत चोर म्हातारा होईल," ती म्हणाली. "मी बूटसुद्धा घालून चालून बघितल्याशिवाय घेत नाही. हे झाडून कुठे बघायचं?"

दुकानदारानं सुटकेचा श्वास टाकला आणि नेमबाजीच्या एका क्लबचा पत्ता दिला.

क्लबात त्यांना अबीर भेटली. तिशीची, काटक, केस घट्ट बांधलेली, बोलणं मोजकं. शिकवणं हा तिचा धंदा आणि उम बंदर जन्माची मास्तरीण, तेव्हा पहिली पंधरा मिनिटं कोण कोणाला शिकवतंय हे ठरलं नाही. मग अबीरनं तिच्यासमोर दुकानातल्या गुलाबी मुठीवाल्यासारखंच एक छोटं पिस्तूल ठेवलं, आणि शेजारी एक मध्यम.

"हलकं घेतलं की धक्का सगळा तुमच्या मनगटाला," ती म्हणाली. "वजन थोडं असलं तर धक्का ते वजन खातं."

उम बंदरनं छोटं झाडलं. तिचा हात कपाळापर्यंत उडाला. तिनं ते खाली ठेवलं आणि एका शब्दात निकाल दिला, "खलास."

मध्यम पिस्तूल हातात बसलं. मूठ भरली, बोट पोचलं. पण गोळी चढवायला वरची स्लाइड मागे ओढायची तर तिची बोटं संधिवाताची. चिमटीत धरून तिनं ओढली, पण स्लाइड जागची हलेना. चेहऱ्यावर प्रथमच हार दिसली. इस्मतला वाईट वाटलं. बाईला कधी असं पाहिलं नव्हतं.

अबीर म्हणाली, "बोटांनी नको. आख्खा तळवा वरून ठेवा. पिस्तूल छातीजवळ घ्या. आता स्लाइड ओढू नका, ती धरून ठेवा, आणि मूठ पुढे ढकला. नळी मात्र समोरच." शिवाय तिनं त्याच मापाचं, मऊ स्प्रिंगचं दुसरं आणून दिलं. उम बंदरनं ढकललं. खट्‌ असा आवाज झाला. तिनं पुन्हा केलं. पुन्हा. नववधूसारखी लाजून तिनं इस्मतकडे बघितलं, आणि त्या दगडी चेहऱ्यावर इतकं पोरसवदा हसू आलं की इस्मतच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हेच," ती म्हणाली. "नाव काय, किंमत काय, रंग काय, मला काही सांगू नका. माझ्या हाताला हे कळलं."

तेवढ्यात अबीरचं लक्ष इस्मतकडे गेलं. ती भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभी होती. नवऱ्याचा शब्द पाळत होती बिचारी. "तुम्हाला हे देता येणार नाही," अबीर म्हणाली, "पण हवेचं पिस्तूल पाहुण्यांना चालतं. फुगे आहेत तिकडे."

"मी नको."

"का?"

इस्मतनं मागे बांधलेले हात सोडले. ती जाऊन उभी राहिली. अबीरनं पाय लावून दिले, हात लावून दिला, श्वास अर्धा सोडायला सांगितला. पहिला छर्रा कुठे गेला ते कोणालाच कळलं नाही. दुसरा लाकडाला लागला. तिसऱ्याला पिवळा फुगा फट्‌कन फुटला, आणि इस्मतचं ते हसू सुटलं. आधी खुदकन, मग खळखळून, मग ती टेबलाला धरून उभी राहिली. आपण, होडीच्या सुताराची पोर, दोन लेकरांची आई, गुडघे दुखणारी बाई, एक लांबचा फुगा हात न लावता फोडला. तिला वाटलं पुन्हा फोडावा. तिनं पुन्हा फोडला. सगळी रांग फोडून झाली तेव्हा उम बंदर खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती, आणि अबीर नवे फुगे फुगवत होती.

घरी येऊन तिनं गफूरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हात नाय ना लावलास?"

"फुग्याला नाय लावला," इस्मत म्हणाली.

पिस्तूल उम बंदरच्या निजायच्या खोलीत, भिंतीला पक्क्या केलेल्या पोलादी पेटीत राहू लागलं. शुक्रवारी नातवंडं यायची, म्हणून पेटीचा आकडा तिनं कोणाला सांगितला नाही. आठवड्यातून एकदा दोघी क्लबात जायच्या. एकीनं आपलं पिस्तूल झाडावं, दुसरीनं फुगे फोडावेत.

आणि मग एका भर दुपारी, गल्ली उन्हानं ओस पडली असताना, इस्मतला डोक्यावर ठोकाठोक ऐकू आली. ती मागच्या अंगणात आली. कंपाउंडच्या आतून भिंतीला एक शिडी लावलेली. ओळखीची नव्हती. गच्चीच्या कठड्यावर बारीक दोराचं वेटोळं होतं आणि एसीच्या डब्याआडून एका माणसाची पाठ दिसत होती.

ती पळत उम बंदरकडे गेली. "वर माणूस आहे."

उम बंदर उठली, पोलिसांना फोन लावला, पत्ता नीट सांगितला आणि पेटीपाशी गेली. आकडा चुकला. पुन्हा चुकला. इस्मत क्षणभर उभी राहिली, मग तिला वाटलं, इथे उभं राहून मी काय करतेय? ती परत अंगणात आली. काय करावं हे तिनं ठरवलं असं नाही. लहानपणी बाप होडीच्या टपावर चढला की शिडी सरळ धरायचं काम तिचं होतं. तिचे हात आपसूक शिडीला गेले. तिनं शिडी उचलली, आडवी केली आणि खजुराच्या झाडाखाली ठेवून दिली.

उम बंदर बाहेर आली तेव्हा पिस्तूल तिच्या दोन्ही हातांत होतं, नळी जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर, अगदी शिकवल्याप्रमाणे. चेहरा पांढरा पडलेला. तिनं वर बघितलं. कठड्यावरून एक पोट सुटलेला, घामाघूम, पन्नाशीचा माणूस खाली बघत होता. आधी त्यानं बाईकडे बघितलं, मग पिस्तुलाकडे, मग जिथे शिडी असायला हवी होती तिकडे.

"खाला," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "शिडी कुठे गेली?"

इस्मतनं तोंडावर हात दाबला. उपयोग झाला नाही.

"तुझ्याकडे हत्यार आहे?" उम बंदरनं शाळेच्या आवाजात विचारलं.

त्यानं नळी कापायची कातरी दाखवली.

"खाली टाक. बाजूला. आता हात दिसतील असे कठड्यावर ठेव आणि बस."

तो बसला. उम बंदर थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तिचा श्वास हळूहळू जागेवर आला. मग ती इस्मतला म्हणाली, "हा कुठे जातोय? याच्यासाठी हे लागत नाही." आत गेली, पिस्तूल रिकामं केलं, पेटीत ठेवलं, कुलूप लावलं. परत आली ती ताकाची बाटली घेऊन.

उन्हाचा तडाखा असा की कठड्यावर हात ठेववेना. त्या माणसानं तांबं खाली उतरवायला आणलेला स्वतःचाच दोर सोडला, इस्मतनं त्याला पिशवी बांधली, पाणी आणि ताक वर गेलं. "अल्लाह तुमच्या हाताला बरकत देवो," तो वरून म्हणाला. मग थोड्या वेळानं, "छत्री असेल का?" पोलिस आले तेव्हा तो उम बंदरच्या निळ्या छत्रीखाली बसून होता, आणि खाली दोघी बायका खुर्च्या टाकून त्याच्यावर नजर ठेवून होत्या. त्याला उतरवायला पोलिसांना तीच शिडी परत लावावी लागली. त्यातल्या थोरल्यानं मिशीआड हसू दाबलं; इस्मतनं दाबलं नाही.

बंदर संध्याकाळी जेद्दाहून धावत आला. त्यानं गच्ची पाहिली, पेटी पाहिली, आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "तू चालवलंस का?"

"नाही."

"मग पकडलं कोणी?"

"आम्ही दोघी घरी होतो," उम बंदर म्हणाली. जेद्दाला चल हे त्यानं त्या दिवशी म्हटलं नाही, आणि नंतरही नाही. जाताना त्यानं इस्मतला वाकून सलाम केलान. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला इतक्या जवळून पाहिल्यावर तिला त्याच्या आईचं ते माकडाचं म्हणणं पटलं, पण तिनं ते गिळलं.

हिवाळ्यात क्लबानं बायकांसाठी हवेच्या पिस्तुलाचे हौशी सामने ठेवले. अबीरनं इस्मतचं नाव परस्पर टाकलं. त्या दिवशी गफूर रजा काढून आला, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला, आणि इस्मत नेम धरत असताना, सगळं चिडीचूप असताना, न राहवून म्हणाला, "बरा धर गो."

तिला हसू आलं. छर्रा शेजारणीच्या निशाणाच्या कागदावर लागला, तोही मधोमध. शेजारीण खूश झाली, पंच गोंधळले, आणि नियमपुस्तक आणायला कोणीतरी आत धावलं. इस्मत शेवटून दुसरी आली.

परतताना उम बंदरनं गाडी समुद्राकडे वळवली. तिघांनी किनाऱ्यावर बसून तळलेले मासे खाल्ले. गफूर काटे काढून बायकोच्या ताटात मासा ठेवत होता, हे त्यानं कधी केलं नव्हतं. "पुढच्या वर्षी मी बोलणार नाय," तो म्हणाला.

"बोल की," इस्मत म्हणाली. "मी कान बांधून येईन."