वेसण काढलेला बैल

तुमच्या दावणीचा शेवटचा बैल कुठे गेला? ट्रॅक्टर कधी आला ते तुम्हाला आठवत असेल, हार घातलेल्या ट्रॅक्टरसोबतचा फोटोही मोबाइलमध्ये असेल. मी बैलाचं विचारतोय.

मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पडला एका डोंगरावर, होळी होऊन गेल्यानंतरच्या एका दिवशी. सकाळी आसेगावला जीपमधून उतरलो आणि एकटाच चढायला लागलो. डोंगरापलीकडच्या गावात संध्याकाळी रस्त्याच्या मागणीसाठी बैठक होती आणि पत्रक मी लिहिणार होतो. जीपनं गेलो असतो तर मोठा वळसा पडला असता, पण मी चालतच जायचं ठरवलं होतं. ज्या वाटेबद्दल लिहायचं, ती पायाखालून गेलेली असावी, असा माझा हट्ट.

हा हट्ट घरचा आहे. माझ्या बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली. जयंतीची, मोर्च्याची, बंद पडलेल्या नळाची. मी वाचायला शिकलो ते त्या गुलाबी, पिवळ्या कागदांवर. प्रत्येक पत्रकात एक अन्याय असायचा, एक जबाबदार माणूस असायचा आणि शेवटी आपली मागणी. जगात जे काही वाईट आहे त्याला कुठेतरी एक टेबल आहे आणि त्या टेबलावर जाऊन हात आपटता येतो, असंच मी धरून चाललो होतो.

चढ लांबलचक होता. सागाची पानं गळून गेली होती, पाय टाकला की कुरकुर वाजायचं. पळसाची फुलं सुकून वाटेवर पडलेली. माथा ओलांडेपर्यंत एकही माणूस भेटला नाही, आणि मोबाइलची रेंज तर पायथ्यालाच गेली होती.

पलीकडच्या उतारावर जनावरांसाठी खोदलेलं एक तळं आहे. पाणी आटून मधोमध थोडंसं उरलं होतं, भोवती काळा गाळ. त्या गाळात एक पांढरा बैल पोटापर्यंत रुतून उभा होता. उजवं शिंग खाली वाकलेलं. दोन्ही शिंगांवर पोळ्याचा निळा रंग अजून टिकून होता. मी जवळ गेलो तसा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि परत पाण्याकडे पाहिलं. पाणी त्याच्या तोंडापासून थोडंच दूर होतं.

त्याच्या नाकात वेसण नव्हती. नुसतं भोक होतं आणि त्यावर माश्या बसत होत्या.

आमच्याकडे म्हातारा बैल डोंगरात सोडायचा असेल तर आधी त्याची वेसण कापतात. गळ्यातली घंटी काढून घेतात. मग तो कुणाचाच राहत नाही. कायदा बदलून बैल कापायलाही बंदी आल्यापासून असा बैल बाजारात कुणी घेत नाही, आणि कामाविना त्याला वर्षभर कडबा घालायचा कुठून, हे बैल वाचवल्याची भाषणं करणारे सांगत नाहीत. सोडणाऱ्याला वाटतं, आपण त्याला मोकळा केला. कुणी कुणी तर सोडताना त्याच्या पाया पडतं.

मी बूट काढून गाळात उतरलो. बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात ओतलं, ते तो प्याला. मग फांद्या आणून त्याच्या पायांपाशी दाबल्या. गळ्यातला दुपट्टा त्याच्या शिंगांना बांधून ओढायला लागलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काहून बे पोट्ट्या, आंघोळ करून राह्यला का?"

बकऱ्या चारणारी एक बाई काठावर उभी होती, माझ्या आईच्या वयाची.

"मावशी, बैल फसलाय. जरा हात लावता का?"

"हात लावून काय होते? दोर पायजे, धा मानसं पायजे." असं म्हणत तिनं लुगडं खोचलं आणि ती उतरलीच. आम्ही दोघांनी ओढलं. बैलानं एकदा मान झटकली आणि दुपट्टा मधोमध फाटला.

ती हसली. "लेका, बैल हाय तो, नवरदेव नाई. शेल्याले बांधून येनार हाय का?" मग हसू थांबवून म्हणाली, "जा, खालतं गाव हाय. मानसं आन. मी थांबतो थोडी. माह्या बकऱ्या हायेत पन, लई नाई थांबू शकत."

मी धावत उतरलो. गावाच्या तोंडाशी, कडुनिंबाखालच्या हॉटेलात पंधरावीस माणसं चहा पीत बसली होती. बैठकीसाठीच जमली होती. माझ्या अंगावरचा चिखल पाहून सगळे उठले. मी सांगितलं तसे परत बसले.

"कोणाचा हाय?" एकानं विचारलं.

"ते मला काय माहीत? दोर घ्या, चला."

"आमच्या गावात तं बैलच नाई राह्यले, भाऊ. मंग आमचा कसा असन?"

"डोंगराचा हाय तो," दुसरा म्हणाला. "आन जो पयले दोर नेईन, उद्यापासून त्याचा!"

सगळे हसले. मला ते तेव्हा कळलं. पुढे होईल त्याचाच बैल ठरणार होता. सोडला तूच, आता वाचला तर सांभाळ तूच, मेला तर ओढून ने तूच. म्हणून कुणीच पुढे होत नव्हतं. त्यांच्यात दगडाच्या काळजाचा एकही नव्हता. मला पाणी दिलं, हात धुवायला साबण दिला.

मी बोललो. चांगलं बोललो असेन, कारण ते शांतपणे ऐकत होते. एक म्हातारा म्हणाला, "बेस बोलतं बाप्पा तू. बस, चहा घे, मंग बोल."

कोपऱ्यात एक माणूस कपात पाहत बसला होता. त्यानं हळूच विचारलं, "पानी पेला का तो?"

"प्याला. माझ्या बाटलीतलं."

त्यानं मान हलवली, कप ठेवला आणि घराकडे गेला. मला वाटलं, दोर आणायला गेला. सगळ्यांनाच तसं वाटलं असावं, कारण सगळे त्याच्या घराच्या दिशेनं पाहत होते. आम्ही वाट पाहिली. तो परत आला नाही. कुणी त्याला हाक मारली नाही, मीही नाही. बोट दाखवून ओरडावं असा माणूस अखेर सापडला होता आणि मी त्यानं ठेवलेल्या कपाकडे पाहत होतो.

शेवटी हॉटेलवाल्यानं विहिरीचा दोर काढून माझ्या हातात दिला. "मी हॉटेल सोडून नाई येऊ शकत," म्हणाला. दोर घेऊन मी एकटाच परत चढायला लागलो. एकट्याच्या हातात दोर असून काय होणार, हे मला माहीत होतं. तरी चढत होतो.

अर्ध्या वाटेवर बकऱ्या उतरताना दिसल्या. मागून ती बाई. कोपरापर्यंत चिखल.

"नको जाऊ आता," ती म्हणाली. "मान टाकली त्यानं. मी शिंग धरून नाक वरतं ठेवत होती. किती धरनार, बाबा? येकटीनं किती धरनार?"

मग ती बकऱ्यांमागे गेली. मी वाटेतच उभा राहिलो. खाली गावात दिवे लागायला लागले होते आणि माणसं बैठकीसाठी माझी वाट पाहत होती.

रस्त्याचं पत्रक मी नंतर लिहून दिलं. हे त्यात बसत नव्हतं, म्हणून इथे मागतो. उद्या तुमच्या गावात कुणी चिखलानं भरलेला माणूस डोंगर उतरून आला आणि बैल फसलाय म्हणाला, तर कुणाचा म्हणून विचारू नका. घरातला दोर काढा, शेजाऱ्याला हाक मारा आणि निघा.