तीन इंच जास्तीची मूठ

आमच्या हिनं आयुष्यात एकही वस्तू तयार विकत घेतलेली नाही, असं मी म्हटलं तर ती लगेच म्हणेल, चपला घेतल्या होत्या की. घेतल्या होत्या, खरं आहे. आणि घरी आणून त्यांचे अंगठे उसवून आपल्या पायाच्या मापाने पुन्हा शिवले होते, तेही मी या डोळ्यांनी पाहिलंय.

ती शिंपीण आहे. पुढच्या खोलीत तिचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सकाळी उठल्यावर चष्म्याच्या आधी टेप गळ्यात पडते. एकदा तशीच बँकेत गेली होती आणि रांगेतल्या एका बाईंना, ओळख ना पाळख, तुमचा डावा खांदा उतरलाय हो, असं सांगून आली. तिचं म्हणणं एकच: तयार कपडे सरासरी माणसासाठी शिवतात, आणि तो माणूस तीस वर्षांत तिच्या दुकानात आलेला नाही.

प्रत्येक गिऱ्हाइकाचं तिच्या वहीत एक पान असतं. शाळेच्या गणवेशाला ती खाली तीन इंच कापड आत दुमडून ठेवते, कारण पोरं वाढतात. मोठ्यांना मात्र एक दोरा जास्तीचा मिळत नाही. तुम्ही आता आडवेच वाढणार, त्याला खालचं कापड काय कामाचं, असं ती तोंडावर सांगते. गिऱ्हाइकं हसतात आणि परत येतात, हे मला अजून कळलेलं नाही.

आता माझं. मी छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होतो. एका सकाळी मशीनच्या पट्ट्यात उजवं कोपर गेलं. हाड जुळलं, पण आतली नस काही पुरती जुळली नाही. करंगळी आणि शेजारचं बोट नावाला उरलं, मूठ ढिली पडली आणि दंड बारीक होत गेला. डॉक्टर म्हणाले, अंगठा आणि पहिलं बोट शाबूत आहे, हाताला काम द्या; नाही दिलंत तर आहे तेही जाईल. दाबायला एक रबरी चेंडू दिला. मी तो चार दिवस दाबला आणि हिच्या बटणांच्या खणात टाकून दिला. मोठ्या माणसाने खिडकीत बसून चेंडू दाबायचा म्हणजे काय?

खरं दुखणं वेगळं होतं. बावीस वर्षं मी दर रविवारी तळ्यावर गळ टाकायला जात होतो. सोबत माझा दोस्त, आमच्या भागातला पोस्टमन. अपघातानंतर एकदा गेलो. माझ्या जुन्या रॉडला दोरी गुंडाळायचं रील खालून लटकायचं आणि त्याचा दांडा नेमका त्याच दोन बोटांच्या बेचक्यात धरावा लागायचा. पहिल्याच फेकीला आमिषासकट रॉडही पाण्यात गेला. पोस्टमन कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो घेऊन आला. मी त्याला म्हटलं, तुझ्याकडेच ठेव. त्यानंतर दीड वर्ष मी तळ्याचं नाव काढलं नाही. माझा राग तसा नाकावरच असतो. त्या दीड वर्षात तो तिथेच मुक्कामाला होता. शर्टाची उजवी बाही लोंबते म्हणूनसुद्धा मी हिच्यावर डाफरायचो. जगाला मापात शिवतेस आणि नवऱ्याची बाही तेवढी ढगळ, असं म्हणायचो. ती ऐकून घ्यायची. बाही तशीच राहायची.

मग एक दिवस पोस्टमन चहाला आला आणि चाचरत म्हणाला की दुसऱ्या जातीचा रॉड असतो, बेटकास्टिंग म्हणतात. त्यात रील वर बसतं. खाली बंदुकीच्या चापासारखं टोक असतं, त्यात पहिलं बोट अडकवायचं. बाकी सगळं काम अंगठ्याचं: फेकताना अंगठ्याने दोरीचं रीळ मोकळं सोडायचं आणि आमिष पाण्याला टेकलं की त्याच अंगठ्याने थांबवायचं. आपल्याकडच्या दुकानांत मात्र चांगला मिळत नाही, परदेशातून मागवावा लागेल. मी त्याला म्हटलं, माझ्या हाताची सगळ्या गावाला काळजी, एक मलाच नाही. बिचारा चहा अर्धा टाकून गेला. पुढच्या खोलीतलं मशीन तेवढा वेळ बंद होतं, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी हिनं मला उभं केलं आणि टेप काढली. तळव्यापासून कोपरापर्यंत. मुठीचा घेर. अंगठा किती वाकतो तो. मी विचारलं, हा कुठला शर्ट? ती म्हणाली, सरळ उभे राहा, बोलू नका. गिऱ्हाइकांना ती हेच सांगते.

मग पुढचा महिनाभर घरात जे चाललं ते काय सांगू! लेक दुसऱ्या शहरात असते. रोज दुपारी आई आणि लेक फोनवर, समोर परदेशी दुकानांची पानं. लेक वाचून सांगायची, ही आपल्या भाषेत उतरवून घ्यायची. कुठला रॉड फक्त शेंड्याला वाकतो आणि कुठला निम्म्यापर्यंत, यावर ती म्हणाली, म्हणजे कडक कॉलर आणि मऊ कॉलर. दोरी ज्या कड्यांतून जाते त्या आतून गुळगुळीत आहेत का, हे तिनं प्रत्येक दुकानाला विचारायला लावलं. सुईचं नेढं खरखरीत असलं की धागा तुटतो, तर ही दोरी का नाही तुटणार? रॉडवर किती ग्रॅमचं आमिष चालेल ते छापलेलं असतं म्हणे. तिनं माझा नकली आमिषांचा डबा उतरवला आणि एकेक आमिष स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. रॉड दोन तुकड्यांत जोडायचाच हवा, कारण आमच्या जिन्याच्या वळणावर अख्खा सात फुटांचा दांडा वळत नाही. हे तिनं केरसुणीच्या दांड्याला पडद्याचा दांडा बांधून, दोनदा खालीवर करून ठरवलं. शेजारी दारात येऊन बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोच जोडलेला दांडा मग रॉडची कच्ची शिलाई झाला. रीलच्या जागी तिनं बॉबिनची डबी बांधली, खाली चाप म्हणून एक आकडा, आणि शेंड्याला कात्री लटकवून तो माझ्या हातात दिला. मी म्हटलं, हे असले खेळ माझ्याकडून व्हायचे नाहीत. तरी धरून बघितला. सात फूट लांब वाटला, म्हणून बोलून गेलो, साडेसहा पुरे, सातला शेंडा जड होतो. ती म्हणाली, सातनं लांब जाईल. मी म्हटलं, लांब जाऊन काय उपयोग, मासे कडेच्या गवतात असतात. ती म्हणाली, बरं, साडेसहा. आणि वहीत लिहून घेतलं. दीड वर्षात मी पहिल्यांदा माशांबद्दल बोललो होतो. ते तिच्या लक्षात आलं होतं आणि माझ्याही. दोघांनीही तसं दाखवलं नाही.

खोळंबा झाला तो मुठीपाशी. रीलच्या मागे मुठीचा जो भाग असतो तो कोपराच्या पुढे गेला तर फेकताना कोपराला मारतो. माझं कोपर तर आधीच दुखरं. हिचं माप नऊ इंच. मोठी दुकानं म्हणायची, जशी आहे तशी घ्या. तिला जशी आहे तशी हे शब्दच चालत नाहीत. शेवटी लेकीनं एक छोटा कारखाना शोधला. कारखाना कसला, एक म्हातारा कारागीर आणि त्याची सून. मूठ गिऱ्हाइकाच्या मापाने, अस्सल बुचाची, ओल्या हातातून न निसटणारी. हिनं त्याला अकरा प्रश्न पाठवले. त्याचं उत्तर आलं की चाळीस वर्षांत मला कुणी असे प्रश्न विचारले नाहीत, बाई, तुमचा धंदा काय? तिनं कळवलं, शिंपीण. त्यावर त्यानं लिहिलं, मग मापाची काळजी नाही. हे वाक्य तिनं लेकीकडून तीनदा वाचून घेतलं.

रॉड आणि रील, दोन्हींची ऑर्डर गेली. वाट बघायला लागले पाच आठवडे. मी कॅलेंडर बघत नाही असं दाखवायचो. एका संध्याकाळी बटणं शोधायच्या निमित्ताने खण उघडला आणि तो रबरी चेंडू खिशात घातला.

पार्सल घेऊन अर्थातच आमचा पोस्टमनच आला. कमरेएवढी उंच नळी सायकलला आडवी बांधून, सगळ्या रस्त्याला घंटी वाजवत. उघडलं, जोडलं. काय वस्तू होती! कड्या एका ओळीत, टाका चुकलेला नाही. मी चापात बोट घातलं, बोट बसलं. हात वाकवला आणि मूठ कोपराच्या पुढे जाऊन दंडाला लागली. तिनं टेप लावली. बारा इंच.

मी तिथल्या तिथे त्या म्हाताऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती उठली, वही काढली, पान उघडलं आणि बसूनच राहिली. पानावर तिच्याच अक्षरात होतं: मूठ नऊ, अधिक तीन, बारा. तिनं गणवेशाचे तीन इंच त्यात घातले होते.

तीस वर्षांत या बाईचं माप चुकलेलं मी पाहिलं नव्हतं. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हणाली, "माझ्या हातानं कसं लिहिलं गेलं, मलाच कळत नाही. कापड असतं तर आत घेतलं असतं. याला काय करू?" तिचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. दीड वर्ष मी हिला माझ्या हाताचं ओझं दिलं होतं, आणि ती तीन इंचांसाठी रडत होती. परत पाठवायचा विषय निघाला. पोस्टमन म्हणाला, वहिनी, मी नेऊन टाकतो. मी म्हटलं, थांब. पाठवायचाच आहे तर एकदा पाण्यावर नेऊन पाठवू.

रविवारी सकाळी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. पहिल्या फेकीला अंगठा उशिरा टेकला आणि रिळावर दोरीचा असा गुंता झाला की मी तो चाकूने कापायला निघालो. हिनं हातातून रील काढून घेतलं, दगडावर बसली आणि पंधरा मिनिटांत दोरी मोकळी केली. गुंता ओढायचा नसतो, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या फेकीला मूठ पुन्हा दंडाला लागली. मी वैतागून तिचं मागचं टोक डाव्या हाताने धरलं, बाजूला सारायला म्हणून. आणि ते तिथे बसलं. ते तीन इंच नेमके डाव्या तळव्याचे होते. जोर डाव्याने लावायचा, उजव्याला फक्त चाप आणि अंगठा. उजव्या मुठीला जे जमत नव्हतं ते तिला आता करावंच लागणार नव्हतं. मी दोन्ही हातांनी फेकला. रीळ फिरलं, अंगठ्याखालून दोरी पळाली, आमिष गवताच्या कडेला टपकलं आणि मी अंगठा टेकवला. दोरी थांबली. पोस्टमन जागेवरच खाली बसला. मी पुन्हा फेकला, आणि मग मोजलंच नाही किती वेळा. मासा एकही लागला नाही. पण पुढच्या रविवारी येतोस ना, असं पोस्टमनला मी विचारलं, त्यानं मला नाही.

रॉड काही परत गेला नाही. हिनं त्या कारागिराला चूक माझी, माल उत्तम, असं कळवलं. तिच्या तोंडून चूक माझी हे शब्द लग्नानंतर मी पहिल्यांदाच ऐकले.

परवा, म्हणजे तळ्याचे अकरा रविवार झाल्यावर, तिनं नव्या शर्टासाठी मला उभं केलं. उजव्या दंडाला टेप लावली आणि बराच वेळ आकडा बघत राहिली. अर्धा इंच भरलाय, म्हणाली. मी म्हटलं, मग लिही वहीत. तिनं माझं पान पुढे केलं. उजव्या बाहीचं एकच माप होतं, अपघाताच्या आधीचं. त्याच मापाने ती दीड वर्ष माझे शर्ट शिवत होती, माझी बोलणी खात होती आणि बाही लोंबती ठेवत होती. दंड किती बारीक झालाय हे तिच्याहून जास्त कुणाला माहीत असणार? पण तिनं ते कधी लिहिलंच नव्हतं.

मी विचारलं, हे बदललं का नाहीस?

"बदलायचं काय? माप बरोबर आहे. हात यायचाय अजून," ती म्हणाली, आणि टेप गळ्यात टाकून कापड पसरायला लागली.