रेव्हन टेकडीचं फाटक

डेल्फिना किरोझ आणि मी अकरा वर्षं एकाच फाटकावर नोकरी केली. फीनिक्स शहराच्या उत्तरेला रेव्हन टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी. अतिउष्णतेचा इशारा आला की सकाळी नऊला वर जाणारी वाट बंद करायची, संध्याकाळी पाचला उघडायची. काम एवढंच, पण डेल्फिना ते जीव टांगणीला लावून करायची. वर गेलेला शेवटचा माणूस खाली येईपर्यंत ती एका जागी बसत नसे.

ऑर्विल टॅटम रोज येणारे. वय चौऱ्याहत्तर, सगळा जन्म लोकांच्या घरांवर छपरं घालण्यात गेलेला. ते तिला ‘हवालदारीणबाई’ म्हणायचे, ती त्यांना ‘आजोबा’.

जुलैतल्या त्या मंगळवारी ते आले तेव्हा नऊला दहा मिनिटं कमी होती.

“आजोबा, आज राहू द्या. आत्ताच अडतीस झालंय. दुपारी सेहेचाळीस सांगितलंय.”

“हवालदारीणबाई, याच उन्हात मी चाळीस वर्षं खिळे ठोकलेत. नियम नऊचा ना? मग घड्याळ बघा की!”

“पाणी?”

त्यांनी अर्धी बाटली हलवून दाखवली.

“पहिल्या बाकापासून परत फिरायचं. शपथ घ्या.”

“घेतली,” म्हणाले, डोळा मारला आणि गेले. नऊच्या आत त्यांना अडवायचा अधिकार आम्हाला नव्हता.

दहा वाजता गाड्यांचा तळ रिकामा झाला. फक्त त्यांचा पांढरा पिकअप उरला. डेल्फिनाने फोन लावला, तर घंटी त्याच पिकअपमध्ये वाजायला लागली. फोन सीटवरच होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

रेडिओवर कळलं, बचाव पथक दुसऱ्या डोंगरावर आहे, हेलिकॉप्टरला अर्धा तास तरी लागेल. आम्ही वर जायचं नाही, असा हुकूम होता. तोवर डेल्फिनाची बर्फाची पिशवी भरूनही झाली होती.

“तू थांब,” ती म्हणाली.

“एकटी मरायला जातेस का? चल.”

वाटेवर एकही पाखरू बोलत नव्हतं. लोखंडी कठड्याला हात लागला, तर कातडी चिकटेल असं वाटलं. बाकावर कोणी नव्हतं. रिकामी बाटली पडली होती. पुढच्या वळणावर, एका खडकावर त्यांचा शर्ट दिसला. नीट घडी घातलेला. ऊन डोक्यात चढलं की माणसं असे कपडे काढतात, हे आम्हाला माहीत होतं.

वाट सोडून, उघड्या अंगाने, ते कड्याकडे चालले होते. अंग लालबुंद, घामाचा थेंब नाही.

“आजोबा!”

त्यांनी बघितलं, पण ओळख नव्हती. “शिडी कुणी काढली?” ते ओरडले. “मी उतरू कसा आता?”

डेल्फिना जागच्या जागी थांबली. मग अगदी हळू म्हणाली, “मी धरलीय शिडी. या इकडे. सावकाश.”

चार पावलं आले आणि कोसळले. आम्ही त्यांना खडकाच्या सावलीत ओढलं. मानेला, काखेत बर्फ दाबला. अंग तव्यासारखं होतं. त्यांना झटके येत होते आणि डेल्फिना सारखं “धरलीय, धरलीय,” म्हणत होती. माझ्या हातांवर एकाएकी काटा आला, त्या उन्हात थंडी वाजायला लागली. त्याचा अर्थ मला माहीत होता: ऊन मलाही लागलं होतं. मी तिला सांगितलं नाही. हेलिकॉप्टरचा आवाज आला तेव्हा मी ओकत होते.

ते वाचले. तीन आठवडे इस्पितळात होते, मूत्रपिंडं मात्र कायमची अधू झाली. नोव्हेंबरात मुलगी त्यांना गाडीतून घेऊन आली. त्यांनी काच खाली केली आणि डेल्फिनाला विचारलं, “मला वर सोडलंसच कसं गं तू?” रागाने नव्हे. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

पुढे ती कचेरीत खेटे घालत राहिली, आणि उन्हाळ्याआधी बंद करायची वेळ नऊची आठ झाली.

मी कचेरीत बदली मागून घेतली. तिच्यासाठीही शब्द टाकला. म्हटलं, “ये की, गार हवा आहे, खुर्ची आहे.”

“तिथे मला जास्त भीती वाटेल,” ती म्हणाली. “इथे निदान वर कोण गेलंय ते दिसतं तरी.”